वहीत नावापुढं 'नि' लिहायचो ते दिवस

परवा कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला तर ती निळी वही सापडली. दोनशे पानी, लाँगबुक साइझची, पहिल्या पानावर तारीख 14 जानेवारी 2018, संक्रांत, आणि खाली एक ते शंभर आकडे घालून नावांची लिस्ट. शंभर नावं! लग्नाच्या पत्रिका वाटताना पण मला एवढी नावं आठवली नव्हती, आई शेजारी बसून एकेक सांगत होती तेव्हा कुठं ऐंशीपर्यंत गेलो होतो. पण इथं, म्हणजे नेटवर्क मार्केटिंगमध्ये, अपलाइन, म्हणजे साखळीत माझ्या वरचा माणूस, म्हणाला होता की ज्याची लिस्ट शंभराच्या खाली त्याचं स्वप्नच छोटं, मग काय, दाढी करणाऱ्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे आत.

प्रत्येक नावापुढं खूण. बरोबरची खूण म्हणजे प्लॅन दाखवून झाला. 'फॉ' म्हणजे फॉलो-अप. आणि 'नि' म्हणजे निगेटिव्ह. बसल्या बसल्या मोजले, शंभरातले एकसष्ट 'नि'. त्यात माझा सख्खा भाऊ आहे, दहावीपर्यंत एका बेंचवर बसलेला दोस्त आहे, आणि चार नंबरला सासरे.

लोक अजून विचारतात, तू डिप्लोमा झालेला माणूस, फौंड्रीत क्वालिटीला आहेस, दिवसभर दुसऱ्याच्या कास्टिंगमधले दोष शोधतोस, मग तुला एवढं साधं कळलं नाही होय रे? यावर मी आधी हसून वेळ मारून न्यायचो. आता खरं सांगतो. कळलं होतं. पहिल्या चार-पाच महिन्यांतच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि दुसऱ्यानं सांगितल्यावर "होय, तुझं बरोबर आहे" म्हणणं वेगळं, आणि या दोन्हीच्या मध्ये माझं दीड वर्ष गेलं.

शिरलो कसा ते थोडक्यात सांगतो, कारण सगळ्यांचं तेच असतं. कॉलेजमधला एक जण अचानक फोन करतो, मिसळ खायला बोलावतो, कट मागवता मागवता विचारतो की दहा वर्षांनी स्वतःला कुठं बघतोस, आणि रविवारी अकरा वाजता तुम्ही स्टेशन रोडच्या एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले असता. हेल्थचे डबे, टूथपेस्ट, भांड्याचं लिक्विड. महिन्याला ठरावीक पॉइंटांची खरेदी केली की आयडी ॲक्टिव्ह, सहा जण जोडायचे, त्यांनी सहा जोडायचे. पहिलं पॅकेज साडेचौदा हजारांचं. बायकोला सांगितलं बोनस आला नाही यावेळी.

आता जे सांगतो ते मात्र नीट वाचा.

दुसऱ्या रविवारी नवीन लोकांचं ट्रेनिंग होतं. मला वाटलं प्रॉडक्टबद्दल असेल. तर तो वरचा माणूस व्हाइटबोर्डसमोर उभा राहिला आणि म्हणाला, आज घरी जाऊन तुम्ही सांगणार, आणि तुम्हाला चार वाक्यं ऐकायला मिळणार, लिहून घ्या. एक, ही चेन आहे चेन. दोन, माझ्या ओळखीतला एक जण यात बुडाला. तीन, तुला नाही जमायचं. चार, फक्त वरचे कमावतात. आम्ही सगळ्यांनी शाळेतल्या पोरांसारखं लिहून घेतलं. मग त्यानं प्रत्येक वाक्यापुढं उत्तर लिहिलं, आणि शेवटी म्हणाला, जे तुमच्यावर प्रेम करतात ना तेच हे म्हणणार, त्यांची चूक नाही, त्यांना भीती वाटते, तुम्ही चिडू नका.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांकडं गेलो. सासऱ्यांना मी मामाच म्हणतो, आमच्याकडं तशीच पद्धत. बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यभर कॅशच्या पिंजऱ्यात बसलेले. मी विषय काढला आणि चहा यायच्या आत त्यांनी चारातली तीन वाक्यं म्हटली, जवळपास त्याच शब्दांत. आणि मला काय झालं सांगू? अंगावर काटा आला. म्हणजे ज्योतिषानं सकाळी सांगावं आणि संध्याकाळी खरं व्हावं तसं. मामा काय सांगतायत ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही, माझ्या डोक्यात एकच, अरे तो बोलला होता तसंच झालं, याचा अर्थ त्याला सगळं माहिती आहे, याचा अर्थ बाकीचं पण खरं असणार.

बरीच वर्षं झाल्यावर वाचनात आलं की अमेरिकेत विल्यम मॅकग्वायर नावाच्या एका मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात नेमकं हेच प्रयोग करून मांडलं होतं. विरोधातला मुद्दा आधीच पातळ करून, त्याच्या उत्तरासकट माणसाला पाजला की पुढं खरा मुद्दा आला तरी लागत नाही, लस दिल्यासारखं. नाव कळून आता काय उपयोग म्हणा. आम्हाला दर रविवारी बूस्टर होता.

मामा पण हटणारे नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडून ठेवला होता. मी गेल्या गेल्या पान पुढं. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, असं खाली खाली. सातव्या लेव्हलला 2,79,936. आठव्या लेव्हलला 16,79,616. "जावईबापू, 2011 च्या जनगणनेत आपलं कोल्हापूर शहर साडेपाच लाखाचं, आणि अख्खा जिल्हा 39 लाखाच्या आत. तुमच्या नवव्या लेव्हलला एक कोटीच्या वर माणूस लागतोय. मग ही माणसं काय कर्नाटकातनं आणणार?" आणि मग म्हणाले, आमच्या लहानपणी पोस्टकार्डं यायची, देवीचं पत्र आहे, अकरा जणांना लिहून पाठवा नाहीतर घरात आजारपण, तेवढंच हे, फक्त तिथं थोड्या पैशांचं कार्ड जायचं.

गणित चुकलं होतं का? नव्हतं. मी क्यूसीचा माणूस, मला आकडा दिसतो. पण मला उत्तर तयार होतं. मी म्हणालो, मामा, रोज नवीन पोरं अठरा वर्षांची होतात की, बाजार कधी संपतो होय? आणि दुसरं, तुमची बँक तरी काय होती, वर एक चेअरमन, खाली मॅनेजर, त्याच्याखाली क्लार्क, तो पण पिरॅमिडच. आणि तिसरं, सरकारनं 2016 ला डायरेक्ट सेलिंगच्या गाइडलाइन्स काढल्यात, बेकायदेशीर असतं तर काढल्या असत्या का? हे तिसरं मी फार ऐटीत म्हणालो होतो. त्या गाइडलाइन्समध्ये पिरॅमिड स्कीमला बंदी आहे असं स्पष्ट लिहिलंय, आणि नुसत्या माणसं जोडण्यावर पैसे फिरवायला तर 1978 च्या कायद्यापासून बंदी आहे, हे मी वाचलंच नव्हतं. आमच्या हॉलमध्ये फक्त त्याचं पहिलं पान प्रोजेक्टरवर दाखवायचे.

मामा "बरं" म्हणाले आणि बशीत चहा ओतला. गाडीवरनं येताना मी बायकोला म्हणालो, बघितलंस, तुझ्या बाबांना उत्तर देता आलं नाही. ती मागं बसून म्हणाली, "जावयाला तोंडावर काय बोलणार ते." वहीत त्या रात्री चार नंबरपुढं 'नि' लिहिलं. त्याच्याखाली दोनदा रेघ मारलीय, आज बघताना दिसली.

एक गोष्ट मामांना आणि बाकी सगळ्यांना कधी कळली नाही, आणि मीही कुणाला सांगितली नाही. ते सगळे पैशावर बोलत होते. किती गेले, किती आले, कोण बुडाला. मला तिथं पैसे मिळतच नव्हते, मला दुसरंच काहीतरी मिळत होतं. मे महिन्यात पुण्याला मोठा सेमिनार झाला, पहिल्या लेव्हलची पिन, म्हणजे कोटाला लावायचा बिल्ला, मिळाली म्हणून स्टेजवर बोलावलं. पंधरा जणांची रांग, प्रत्येकाला सात-आठ सेकंद. माइकवर माझं पूर्ण नाव, पुढं 'सर', आणि हजारभर माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत. फौंड्रीत मला "ए क्यूसी" म्हणून हाक मारतात. घरात थोरला भाऊ हुशार, मी आपला आहे तो आहे. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आलो होतो, त्यानंतर माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. भर मे महिन्यात बेचाळीसशेचा ब्लेझर घालून घामानं निथळत होतो, आणि डोळ्यात पाणी. आता या माणसाला तुम्ही कॅलेंडरच्या मागं सहाचे पाढे दाखवून काय होणार आहे?

उलट टीका झाली की तिथं जास्त जवळचं वाटायचं. आमच्याकडं पेठापेठांचं फुटबॉल असतं, आपल्या तालमीची टीम वाईट खेळली तर आपण तालमीत बसून शिव्या घालू, पण दुसऱ्या पेठेतल्यानं नुसतं हसलं तरी बाह्या वर. तसंच. बाहेर कुणी काय बोललं की रविवारी ते हॉलमध्ये सांगायचं, सगळे हसायचे, अपलाइन पाठीवर थाप मारून म्हणायचा, अभिनंदन, तुला पहिला ड्रीम स्टीलर भेटला.

आणि आतल्या आत टीका व्हायचीच नाही, कारण नियम होता. निगेटिव्ह वर सांगायचं, पॉझिटिव्ह खाली सांगायचं, आणि बाजूच्या लाइनवाल्याशी धंद्याबद्दल बोलायचंच नाही. क्रॉसलाइन म्हणायचे त्याला, पापच ते. ऐकायला शिस्त वाटते. पण परिणाम काय, तर त्या हॉलमधल्या दोनशेतल्या प्रत्येकाला वाटायचं की फक्त आपलंच चालेना, बाकी सगळ्यांचं धडाक्यात चाललंय. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा इचलकरंजीचा एक जण होता, आम्ही वर्षभर एकमेकांना "कसं चाललंय? एकदम भारी!" म्हणत होतो. दोघांच्या पण घरी कॉटखाली डब्यांची खोकी होती, हे आम्हाला बाहेर पडल्यावर कळलं. चालत नसेल तर दोष कुणाचा? प्लॅनचा नाही, प्लॅन तर शंभर नंबरी. दोष तुमचा, तुम्ही लिस्ट नीट केली नाही, फॉलो-अप कमी पडला. त्यामुळं मामांनी सांगितलेला तोटा मला प्लॅनचा तोटा वाटायचाच नाही, मला तो माझा आळस वाटायचा. मग आळशी आहे हे झाकायला अजून एक सेमिनार.

एकानं मात्र मला खरंच गप्प केलं होतं, आणि तो आमच्या फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा कामगार, आठवी शिकलेला. डबा खायच्या वेळी त्याला प्लॅन सांगत होतो. तो भडंग खात ऐकत होता. मी माझं हुकमी वाक्य टाकलं, की बाबा आपली कंपनी पण पिरॅमिडच आहे, वर मालक एक, खाली तीनशे कामगार. तो खाता खाता म्हणाला, "असू दे की. पण साहेब मला पगार देतोय. मी साहेबाला देत नाय." आजूबाजूचे खो खो हसले. मी पण हसलो. रात्री झोप लागली नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढं 'नि' लिहिलंच, कारण दुसरी खूणच नव्हती माझ्याकडं. 'बरोबर बोलला' याला खूण नव्हती.

पण झोप न लागायचं खरं कारण वेगळं होतं. तोपर्यंत माझ्याखाली अकरा माणसं होती. पहिल्या दोन महिन्यांत मामांचं ऐकलं असतं तर साडेचौदा हजार आणि थोडी लाज एवढ्यावर भागलं असतं. अकरा माणसं आल्यावर "मामा, तुमचं बरोबर" म्हणणं म्हणजे एकाच वाक्यात "मी अकरा जणांना फसवलं" म्हणणं. ते वाक्य तोंडातनं निघायला नको म्हणून मी आधीचं वाक्यच खोटं पाडत बसलो होतो. माझा तोटा मी कधीच मान्य केला असता हो. त्या अकरांचा कसा करू?

त्यातल्या तीन नंबरच्या आमच्या चुलत वहिनी. करवीर तालुक्यात नदीकाठाला गाव, घरात दोन म्हशी आणि एक गाय, दहा दिवसाला दुधाचं बिल येतं तेवढाच त्यांच्या हातात येणारा पैसा. त्यांना मी जोडलं. "गुडघं दुखत्यात म्हणतासा, मग कॅल्शियम घ्या, आणि चार बायका जोडा, फुकटात पडेल." दुधाच्या बिलातनं त्या पैसे द्यायच्या, नोटांना शेणाचा नाहीतर पेंडीचा वास असायचा.

2019 चा ऑगस्ट. पुराचं कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगा शहरात आली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, फौंड्री बंद, घरात बसून. आमच्या ग्रुपवर मेसेज आला की पूर ही पण ऑपॉर्च्युनिटी आहे, आता लोकांना इम्युनिटीची गरज, आणि मंथ क्लोजिंगची तारीख बदलणार नाही. मी तो मेसेज वाचला, आणि काय केलं असेल? वहिनींना फोन लावला. या महिन्याचे पॉइंट राहिले होते. त्या म्हणाल्या, "भावजी, जनावरं माळावर नेऊन बांधल्यात, दूध डेअरीला जायाला रस्ता न्हाई, वतून टाकायला लागलंय." पलीकडनं पाऊस ऐकू येत होता आणि एक म्हैस ओरडत होती. आणि मी म्हणालो, "बरं बरं, काळजी घ्या. बघा, महिनाअखेरपर्यंत जमलं तर."

फोन ठेवला. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, तिनं फक्त माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. एवढ्या दिवसांत माझ्यावर झालेली सगळ्यात मोठी टीका तीच, आणि तिला माझ्या वहीत उत्तर नव्हतं, कारण चार वाक्यांत ते वाक्य आलं नव्हतं.

तरी लगेच सोडलं असं समजू नका. सप्टेंबरची खरेदी केली मी. मग एका रात्री हिशोबाला बसलो, एकवीस महिने. खरेदी 79,800, पहिलं पॅकेज 14,500, सेमिनारची तिकिटं, राहणं, जाणं-येणं 36,000, पेट्रोल अंदाजे 15,000, ब्लेझर 4,200. आलेलं कमिशन सगळं मिळून 22,340. म्हणजे सव्वा लाखाच्या वर खड्डा. तो कागद घेऊन मामांकडं जायची हिंमत मात्र व्हायला अजून दोन महिने गेले. गेलो तर त्यांनी कागद बघितला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ब्लेझर तरी चांगला आहे, मुलीच्या बारशाला घाला." त्यांनी एकदा जरी "मी म्हणत होतो ना" म्हटलं असतं तर मी परत जाऊन आयडी ॲक्टिव्ह केला असता, एवढी खात्री आहे मला स्वतःची.

सोडलं म्हणून कुणाला जाहीर काही केलं नाही. खरेदी थांबवली, महिनाभर फोन येत राहिले, मग येईनासे झाले, मग एक दिवस ग्रुपमधनं काढलं. रविवारी अकराला काय करायचं हेच कळेना, रंकाळ्यावर जाऊन नुसता बसायचो.

पुढं 28 डिसेंबर 2021 ला डायरेक्ट सेलिंगचे नवीन नियम आले, ग्राहक संरक्षण कायद्याखालचे. त्यात पिरॅमिड स्कीम आणि मनी सर्क्युलेशनला सरळ मनाई. मी ते अजून आत असलेल्या त्या मिसळवाल्या दोस्ताला पाठवलं, म्हटलं वाच बाबा. दोन मिनिटात रिप्लाय, "बघ, शेवटी सरकारनं आपल्याला मान्यता दिली! आतातरी परत ये." तेच पान, त्याच ओळी. मला राग यायला पाहिजे होता, पण मी पण तेच केलं असतं, ते पहिलं पान प्रोजेक्टरवर बघितलेला मीच की.

वहिनींचं शेवटाला ठेवलं, कारण ते लिहायला नको वाटत होतं. 2019 च्या डिसेंबरात त्यांच्या गावी गेलो, सगळं सांगायला. त्यांच्या पहिल्या पॅकेजचे पैसे पाकिटात घालून नेले होते. भिंतीवर अजून पाण्याची रेघ दिसत होती, माझ्या छातीएवढी. त्या रेघेच्या वर एक नवीन फ्रेम. वहिनी स्टेजवर, गळ्यात पट्टा, हातात बुके. नोव्हेंबरात त्यांना पिन मिळाली होती, डेअरीच्या बायका जोडल्या होत्या.

मी बोलायला लागलो, ही चेन आहे वहिनी, फक्त वरचेच कमावतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी चारातली दोन वाक्यं म्हणून बसलोय.

त्या हसल्या. रागावल्या नाहीत. "भावजी, तुमीच निगेटिव्ह झालासा व्हय? तुमीच मला वहीत लिवून दिलंतासा, जवळचंच माणूस मागं वडतंय म्हणून." मग फोटोकडं बघून म्हणाल्या, "लगीन हून ह्या घरात आल्यापासनं मला कुणी नावानं हाक मारली नव्हती. तितं माइकवर मारली."

पाकीट त्यांनी घेतलं नाही. दुधात ती पावडर घालून पेला पुढं केला, मी प्यालो. निघताना दारापर्यंत आल्या, पदराला हात पुसत विचारलं, "पर भावजी, तुमचा आयडी बंद झाला तर माझ्या वर कोण?"

नियमाप्रमाणं त्या आपोआप माझ्या अपलाइनखाली जातात. तेवढं सांगितलं आणि गाडीला किक मारली.